खंडेनवमीला धरलेली फ्रेंच तलवार

आयुष्यभर मराठी शिकवताना मी वर्गात तलवारीच्या कविता गर्जून म्हटल्या; हातात मात्र खडू. आता मुलाकडे लंडनजवळ हाउन्सलोला राहतो. ब्रिस्टलच्या एका लिलावघरात फ्रेंच राजाच्या अंगरक्षकाची तलवार आल्याचं वाचलं आणि ठरवलं, विकत नाही, पण एकदा मुठीत धरायचीच.

लिलावाआधीच्या पाहणीचा दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. हिने पुऱ्यांच्या डब्यावर कुंकवाची पुडी ठेवली. "अहो, खऱ्या शस्त्राला भेटताय. तसेच हात हलवत जाऊ नका."

जाणाऱ्यांनी हीथ्रोहून कोच, म्हणजे लांब पल्ल्याची बस, घ्यावी, ट्रेनपेक्षा स्वस्त पडते. वाटेत स्लाऊची गोदामं लागतात. त्यांना गडकोट समजायला कल्पनाशक्ती लागते, ती माझ्याकडे मुबलक आहे. तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मात्र जपून उघडा. कोचच्या खिडक्या उघडत नाहीत.

पाहणी फुकट, पण वेळ आधी ठरवावी लागते. हेलन नावाच्या तज्ज्ञ बाईंनी मला हातमोजे दिले आणि तबक पुढे केलं. मुठीला चांदीच्या तारेचा पीळ, निळसर पात्यावर सोनेरी लिलीची फुलं. मी हळूच विचारलं,

"हिने लढाया किती पाहिल्या?"

"बहुधा एकही नाही. धार लावल्याची खूणच नाही. तिचा मालक राजवाड्याच्या दाराशी उभा राहायचा."

मीही उशिरा येणाऱ्या पोरांना शाळेच्या फाटकात अडवण्यापलीकडे कुठे लढलो होतो! त्या जवळिकीने मी कुंकवात बोट बुडवलं.

"नो! नो पावडर, प्लीज!" तबक झटकन मागे गेलं. संपलं, म्हटलं. पडेल आवाजात सांगितलं, आज आमच्याकडे पोटापाण्याच्या हत्यारांची पूजा असते.

बाईंनी आपलं भिंग पुढे धरलं. "मग याला लावा. माझं पोट यावर चालतं."

भिंगाच्या दांड्याला कुंकू लागलं, मला नवे हातमोजे मिळाले आणि तलवार हातात आली. वाटलं होतं त्याहून हलकी. एवढ्या कविता तोंडपाठ, पण तेव्हा एक ओळ आठवेल तर शपथ!

घरी पोचलो तर विळी, सुरी, मुलाचा लॅपटॉप, सगळे कुंकू लावून बसलेले. भाजी गार होईपर्यंत मी हातवारे करत सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "अगं, पण माझं हत्यार कोणतं?"

हिने कुंकवात बोट बुडवलं.

"जीभ बाहेर काढा."