तरंगा नसलेली गरी

बाबांच्या डोळ्यांची नस सुकत चालली आहे, हे कळलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपा. घरी सगळ्यांना संत्र्याच्या बागेची काळजी लागली. बाबांनी मात्र सौंसरच्या बसमध्ये मला हळूच विचारलं, "तरंगा दिसंन का वं मले?"

 

बाबा दर रविवारी बोरगावच्या पुढच्या तलावावर रोहू धरायला जातात. सरकीची ढेप भाजून, कणकेत मळून त्याच्या बोराएवढ्या गोळ्या करायच्या. एक गोळी गळावर चढवायची, गरीची काडी हातात धरायची आणि पाण्यावरच्या मोरपिसाच्या तरंग्याकडे बघत बसायचं. बारीक मासे गोळी कुरतडतात तेव्हा तरंगा नुसता थरथरतो. रोहू आला की तो कलतो, बाजूला सरकतो आणि बुडतो. त्याच क्षणी काडी उचलायची. आता तरंगाच दिसत नसेल तर करायचं काय?

मी म्हटलं, मी बघते आणि तुम्हाला सांगते. मला वाटलं होतं, हे सोपं असेल.

पहिल्या रविवारी तरंगा जरा हलला तरी मी "डुबला" म्हणत होते. बाबा काडी उचलत आणि रिकामा गळ वर येई. मग मी खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं, तर उशीर होऊ लागला. बाभळीखाली बसणारे पांढुर्ण्याचे एक काका हे सगळं बघत होते. बाबांचे ते जुने सोबती.

"पोरीची नजर चांगली हाये तुह्या," ते म्हणाले, "पण तिनं सांगेपर्यंत रोहू सौंसरले पोहोचून जाते."

बाबाही हसले. पण थोड्या वेळानं त्यांनी काडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तूच धर आता. मी बसतो." ते रागावले नव्हते, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. मला मासा नको होता. तो बाबांनीच धरावा, एवढंच हवं होतं.

काडी सांभाळताना तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, माझ्या बोटाला घासत होती. एकदा बोटाला बारीक झटके जाणवले. तरंगा तर अजून सरळ उभा होता. आधी मला भास झाला असेल असंच वाटलं. परत तसंच झालं तेव्हा चाचरत बाबांना सांगितलं.

त्यांनी तंगूस आपल्या बोटावर घेऊन पाहिली. मग गरी बाहेर काढली, तरंगा सोडून टाकला, शिशाचा जड तुकडा बांधला आणि गोळी थेट तळाशी सोडली. तंगूस ताणून तर्जनीवर धरली. डोळे मिटूनच घेतले.

बराच वेळ काही झालं नाही.  एकदा बाबा पुटपुटले, "बारीक हायेत." नंतर पुन्हा, "हेही बारीकच." मी पाण्याकडे बघत होते, पण पाण्यावर बघण्यासारखं काही नव्हतंच.

मग त्यांचा हात वर गेला आणि काडी वाकली. काका जाळी घेऊन उठले, तर बाबांनी त्यांना मानेनंच थांबवलं. दोर ढिला सोडत, ओढत, त्यांनी मासा काठाशी आणला आणि चाचपडून कल्ल्यात बोट घातलं. मध्यम रोहू होता. त्याची खवलं उन्हात तांबूस दिसत होती. बाबांना ती दिसली का, हे मी विचारलं नाही.

त्यांनी चाचपून गळावर नवी गोळी चढवली.

"मी काही सांगू का जी, बाबा?"

"नको. बस नुसती."

मला बरं वाटलं की थोडं वाईट, हे अजूनही नीट सांगता येत नाही. मी त्यांच्या बोटाकडे बघत बसले.