दिव्याखालचं कासव

बाळांनो, परवा आपल्या मांजरीला घेऊन कामोठ्यात प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. शेजारी एक बाई मांडीवर टब घेऊन बसली होती. आत कासव होतं. टबावर टाकलेला टॉवेल ती सारखा उचलून बघायची. तिचे स्वतःचे डोळेही जागरणाने सुजले होते.

"रातभर टब खरवडतो, झोपतच नाय," तिने डॉक्टरांना सांगितलं.

"रात्री उजेड असतो का खोलीत?"

"मालक गेले त्या जागेवर दिवा ठेवलाय. तेरावं होऊन गेलं, पण विझवायला हात धजत नाय."

"मावशी, उजेडात त्याला दिवसच वाटतो. अंधार लागतो त्याला."

ती बराच वेळ टॉवेलचं टोक पिळत राहिली. मग टबात वाकून म्हणाली, "आज विझवते रं. तू झोप. मी हाय जागी."