भट्टीत न जळलेलं पोवळं

रंभाबाईच्या भट्टीला आणि जिभेला सारखीच धग, असं अख्खा रोहा म्हणायचा. माहेर पेणच्या खारेपाटातलं, बाप मिठागरात राबलेला. लग्न होऊन कुंडलिका नदीच्या काठी आली आणि नवऱ्याच्या माघारी चुन्याची भट्टी तिनंच चालवली. खाडीतल्या शिंपल्या भाजायच्या, पाण्यात टाकायच्या, की फसफसून पांढरं पीठ तयार. "माझ्या भट्टीत शिरलेलं पान्यात इरघळलं नाय, आसं कदी झालं नाय," हे तिचं पालुपद.

एकोणीसशे बासष्ट साली नव्या शाळेच्या भिंतींचा चुना पुरवायचं काम तिला मिळालं आणि नेमक्या शिंपल्या कमी पडल्या. बंदरावर पांढऱ्या दगडांचा एक ढीग पडून होता. जुन्या गलबतांनी बुडाशी वजनाला म्हणून लांबून आणलेले ते दगड. त्यांच्यावर बारीक बारीक फुलांची नक्षी उठलेली. पोवळ्याचाच दगड तो! पोवळं म्हणजे समुद्रातल्या इवल्या जिवांनी बांधलेलं चुन्याचं घर, एवढं तिला सासऱ्यानं शिकवलं होतं. दगडावर फूल दिसलं, की तिनं तो उचलला आणि भट्टीत लोटला.

भाजलेला चुना पोचून तीन दिवस झाले नाहीत, तोच शाळा बांधणारा दत्तात्रेय गवंडी भर बाजारात तिच्यासमोर टोपली आपटत ओरडला, "गारगोट्या मिसळल्यास गो रंभे! दोन दिस पान्यात हायत, ढिम्म हलत नायत. लबाड बाय, शाळेला पन सोडलं नाय!"

बाजार थबकला. कांदे निवडणाऱ्या हौसानंही हात थांबवला. रंभाबाईनं टोपलीतला एक गोटा उचलला. त्याच्यावर तीच फुलं होती. काम गेलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण लबाड? वीस वर्षांत तिनं चुन्यात राखेची चिमूटसुद्धा घातली नव्हती. भांडायचं सोडून तिनं गोटा पदरात बांधला आणि चालू लागली, हे रोह्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

तशीच ती महिपती गुरुजींकडे गेली. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. गुरुजींनी गोटा भिंगाखाली धरला आणि हसले.

"बाई, हे पोवळंच आहे, पण लाखो वर्षं गाळात गाडलेलं. जमिनीतलं पाणी त्यात झिरपत राहिलं. काही ठिकाणी चुना चुनाच राहिला, फक्त जास्त घट्ट बसला. तो तुमच्या भट्टीत भाजला. काही ठिकाणी चुन्याचा कण विरघळून गेला आणि त्याच्या जागी पाण्यानं गारेचा, म्हणजे गारगोटीचा कण आणून बसवला. आकार तोच, माल बदलला."

रंभाबाईनं मांडीवर थाप मारली. "म्हंजी आमच्या मिठागराचा बांधच की वो, गुरुजी! दर साली भरती गाळ नेते, आमी त्याच जागी नवा थापतो. बांध आज्याचा म्हनतो, पन आज्याच्या हातचं एक ढेकूळ तरी हाय का त्यात?"

"वर्गात मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नाही," गुरुजी म्हणाले.

पण बाजाराला बांध सांगून काय उपयोग? गार मिसळली नाही, ती दगडातच होती, हे दाखवायचं कसं? रंभाबाई बंदरावरच्या उरलेल्या ढिगापाशी बसली आणि दुपारभर एकेक दगड कोयतीनं खरवडत राहिली. ऊन उतरता उतरता वीतभर लांबीचा एक तिला हवा तसा सापडला.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिनं तो दत्तात्रेयाच्या हातात दिला, वर कोयती आणि लिंबू. "खरवड."

एका टोकाला पांढरी भुकटी निघाली. तिच्यावर लिंबू पिळलं, तसे बारीक बुडबुडे उठले. दुसऱ्या टोकाला कोयती सरकन घसरली आणि लिंबाचा रस नुसताच ओघळला. फुलांची रांग मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच होती, अर्धी चुन्याची आणि अर्धी गारेची.

"मी मिसळलं आसंल, तर जोड दाव."

दत्तात्रेयानं दगड डोळ्यांजवळ नेला, नखानं चाचपला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. जोड असेल तर सापडणार ना!

"चूक माजी हाय," रंभाबाईच म्हणाली. "फुलाला भुलले, खरवडून बघितलं नाय. सगळा चुना चाळून देते. पन लबाड नाय मी."

"नाय गो बाय, नाय," तो पुटपुटला.

"काल एवढ्या हळू बोललावतास काय रं?"

बाजार खो खो हसला. दत्तात्रेय कानापर्यंत लाल झाला. मग उठला, दगड दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि पार मच्छीच्या ओट्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "रंभाबाय खरी हाय!"

हसता हसता रंभाबाईला रडू फुटलं, आणि तिनं ते कुणापासून लपवलं नाही.