गाईचे वीस मालक

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा आणि दूध काढायला ती बसायची तेव्हा साडेपाच झालेले असायचे. मधला दीड तास लोकांच्या हिशेबात नसे. गल्लीच्या टोकाच्या नळावरून दोन कॅन पाणी आणायचं, गोठ्याची फरशी खरवडून धुवायची, शेण मागच्या खड्ड्यात टाकायचं, कोमट पाण्याने सड पुसायचे, पहिल्या धारा बाजूला सोडायच्या. दूध काढणं हे त्यातलं सोपं काम. पण लोकांना तेवढंच दिसे, म्हणून गल्ली तिला दूधबाई म्हणे.

मग सुटं दूध विकायला बंदी आली. कुठेतरी मुलं आजारी पडली होती, हे खरं. वस्तीबाहेर पिशवीच्या दुधाचा कारखाना त्याच वर्षी उभा राहिला, हेही खरं. नियम करणाऱ्यांपैकी एकाचा मेहुणा त्यात भागीदार आहे, असं न्हावी सांगे. पण न्हाव्याच्या दुकानात प्रत्येक गोष्टीत कुणाचा तरी मेहुणा निघतोच. दूधबाईने सगळं ऐकलं आणि सगळ्यावर निम्मा निम्मा विश्वास ठेवला.

वाट काढली ती कोर्टातून निवृत्त झालेल्या कारकूनकाकांनी. आपल्या गाईचं दूध आपण प्यायला बंदी नव्हती. ते विकायचं नाही आणि फुकट वाटायचंही नाही, एवढाच नियम होता. मग गल्लीतल्या वीस घरांनी गाय वाट्याने विकत घ्यावी, दूधबाईने ती सांभाळावी आणि मालकांनी तिला महिन्याची मजुरी द्यावी. नवऱ्याच्या पोटाच्या ऑपरेशनसाठी तिला एकरकमी पैसे हवेच होते. वीस वाटे झाले, सह्या झाल्या, शिक्के बसले. तिच्या नावाचा वाटा ठेवायचा मात्र राहून गेला. गाय तिची, हे सगळ्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की कागदावर लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

ऑपरेशननंतर नवऱ्याच्या पोटात दुधाशिवाय काही ठरेना. पिशवीचं आणून पाहिलं. दोन घोट घेतले आणि तो ओकला. दोष पिशवीचा की त्याच्या मनाचा? मनाचाच असावा, असा तिला संशय होता. पण मनामुळे ओकलेलंही पुसावं लागतंच. तिने रोज सकाळी एक पेला बाजूला ठेवायला सुरुवात केली.

गिऱ्हाईक असताना जे लोक भांड्यात कधी डोकावले नाहीत, ते मालक झाल्यावर वाकून पाहू लागले. कुणी फेस खाली बसेपर्यंत थांबे. कुणी वैरणीचा वास घेई. शिंपीणबाई तर घरून आपलं माप घेऊन आली. कापड बेतताना जी बोटभर सोडत नसे, ती दूध कुठलं सोडणार?

“गाय आटली की गळती लागली गं?” एका सकाळी तिने सगळ्यांसमोर विचारलं.

“गळती नाही. एक पेला ह्यांच्यासाठी ठेवते.”

“म्हणजे आमच्यातला.”

“हो. तुमच्यातला.”

कारकूनकाका खाकरले. म्हणाले, कागद दुरुस्त करता येईल, पण त्यासाठी कुणीतरी आपल्यातलं थोडं सोडायला हवं. सगळे आपापल्या किटलीत पाहू लागले. मनाने द्यायला प्रत्येक जण तयार होता, सही करून द्यायला कुणी नाही. पेला तसाच चालू राहिला. मात्र तिला कशात अडकवता येईल, हे आता वीस घरांना ठाऊक झालं.

आणि एक दिवस, नेमक्या दूध वाटायच्या वेळी, अन्नखात्याचे साहेब दारात उभे राहिले. कुणीतरी कळवलं होतं. त्यांनी मालकांचे कागद पाहिले, गोठा पाहिला, कुठे बोट ठेवता येईना. मग भांडी कुठे घासता ते पाहतो म्हणत ते गोठ्याला लागून असलेल्या तिच्या खोलीत शिरले. नवरा खाटेवर बसला होता. शेजारी स्टुलावर भरलेला पेला.

“हे कुणाचं?”

पिशवीचं म्हणावं, तर वर बोटभर जाड पिवळी साय. आपलं म्हणावं, तर तिचा वाटा नाही. मग वीस मालक हा सगळा देखावा ठरणार आणि गाय सरकारी आवारात जाऊन बांधली जाणार. नवरा भिंतीकडे पाहू लागला. दारात गर्दी झाली होती. तिने एकेक चेहरा पाहिला. यातलं कोण?

शिंपीणबाई गर्दीतून वाट काढत आत आली. “माझं आहे. निवायला ठेवलंय. कढत दूध घेऊन जिना चढवत नाही मला.” आणि नवऱ्याच्या उशाजवळचा पेला उचलून तिने उभ्या उभ्या रिकामा केला. सायसुद्धा बोटाने पुसून खाल्ली.

साहेब गेले. त्या दिवशी नवरा उपाशी राहिला.

दुपारी दूधबाई जिना चढून शिंपीणबाईकडे गेली. मागे चव्हाट्यावर माप काढणारी बाई उगाच आपल्याला वाचवणार नाही, हे तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. तिने सरळ विचारलं, “साहेबांना तुम्हीच कळवलंत ना? आणि मग घाबरलात.”

शिंपीणबाईने मशीन थांबवलं नाही. “मी कळवलं असतं तर गप्प उभी राहिले असते. आणि उपकार समजू नकोस. गाय गेली असती तर माझंही दूध गेलं असतं.”

तिला हे पटलं. मायेपोटी केलं असं बाई म्हणाली असती, तर पटलं नसतं. उरलेल्या एकोणीस घरांवर तिने संशय सारखा वाटून टाकला. कळवलं कुणी, ते कधीच समजलं नाही.

“माझ्या वाट्यातला अर्धा तुला विकते,” शिंपीणबाई म्हणाली. “पण मी घेतला त्या भावात नाही. माझं शिलाईचं काम कमी झालंय.”

दूधबाईने घासाघीस केली. बाई सुतभर हलली नाही. दुप्पट भाव ठरला.

तेव्हापासून तिने गोठ्याबरोबर दोन इमारतींचे जिने धुवायला घेतले. घरचं त्यात भागवायचं आणि गाईच्या मजुरीला हात लावायचा नाही. पाणी त्याच नळावरचं, कॅनही तेच, फक्त मजले वाढले. तोवर नवरा आपला पेला गोठ्यात, वैरणीच्या ढिगाआड उकिडवा बसून पीत होता. आपल्याच घरात चोरासारखा.

रक्कम जमली तेव्हा कारकूनकाकांनी कागद केला आणि वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग तोच कागद न्हाव्याकडे नेऊन तिसऱ्यांदा वाचून घेतला, आणि त्यानंतरच पैसे शिंपीणबाईच्या हातावर ठेवले. जवळजवळ वर्षभराच्या मजुरीत तिला आपल्याच गाईचा चाळिसावा हिस्सा मिळाला. दिवसाला एक पेला दूध, खाटेवर बसून प्यायचं.