पितृपक्षातला कॉम्प्युटर

आमच्या घरात मुहूर्त बघत नाहीत. आजोबांच्या पिढीनं धम्मदीक्षा घेतली तेव्हा पंचांग घराबाहेर गेलं, ते परत आलं नाही. माझं लग्न विहाराशेजारच्या हॉलमध्ये भर उन्हाळ्यात, भर दुपारी लागलं, कारण हॉल तेव्हाच मोकळा होता. सासरीही तेच. बजाजनगरातल्या या घराचं दार आम्ही एका अमावास्येला उघडलं, कारण नवऱ्याला त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. शेजारच्या काकू तेव्हा दारात उभ्या राहून नुसत्या कपाळाला हात लावत होत्या.

अशा घरात एका कॉम्प्युटरला मात्र वर्षभर मुहूर्त लागेना.

माझं काम फिक्श्चर काढायचं. गाडीचा एखादा सुटा भाग मशीनवर भोकं पाडायला ठेवला की तो तसूभरही हलता कामा नये. त्याला चहूबाजूंनी पकडून धरणारा जो लोखंडी सांगाडा असतो, ते फिक्श्चर. आधी मी एका डिझाइन ऑफिसात नोकरीला होते. मुलगी झाल्यावर नोकरी सुटली, पण हात सुटला नाही. ऑफिसानं नवीन कॉम्प्युटर घेतले तेव्हा त्यांचा जुना कॉम्प्युटर मी घरी आणला आणि खिडकीखाली टेबल टाकून बसले. सुरुवातीला लोक किरकोळ ड्रॉइंग द्यायचे. मग पैठण रोडवर चितेगावला ज्यांचा छोटा कारखाना आहे, त्या साहेबांनी मला अख्खं फिक्श्चर काढायला दिलं. अख्खं! पहिल्या रेघेपासून शेवटच्या बोल्टपर्यंत माझं. त्या दिवशी मी लिंक रोडनं स्कूटीवर गाणी म्हणत घरी आले.

पण कॉम्प्युटर म्हातारा. सुट्या भागाचं चित्र तो कसंबसं उघडायचा. सगळे भाग जोडून पूर्ण सांगाडा उघडायला लावला की त्याचा पंखा घरघरायला लागायचा, पडदा पांढरा पडायचा, आणि मी उठून कुकर लावायला जायची. डाळ शिजायची, फोडणी व्हायची, आणि सासूबाई बाहेरच्या खोलीतून विचारायच्या, "उठलं का गं ते?"

"नाय आई, झोपलंय अजून."

"मग भाकरी पन करून घे."

यावर मी माझी एक पद्धत बसवली होती. पूर्ण सांगाडा उघडायचाच नाही. खालची बैठक काढताना वरचे पकडणारे हात लपवायचे, वरचं काम करताना खालचं लपवायचं. डावी बाजू दिसते तेव्हा उजवी नाही. एवढी सवय झाली होती की राहिलेलं अर्धं मी मनातच बघायची, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. माझं स्वतःचं काम मी एकदाही सबंध पाहिलेलं नव्हतं.

नवीन घ्यायचा हे ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच, की आत्ता की थांबून. आणि थांबण्याचं खातं नवऱ्याकडे. तो वाळूजला एका कंपनीत मशीनवर ऑपरेटर आहे. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मोबाईलवर कॉम्प्युटरचे व्हिडिओ बघायचा आणि घरी येऊन मला बातम्या द्यायचा. पूर्वी त्यानं एक मोबाईल घेतला होता, आणि आठवड्यानं त्याचा भाव उतरला होता. ते दुःख त्याला अजून ताजं आहे. त्यामुळे कधी नवा प्रोसेसर येणार असायचा, कधी नवं ग्राफिक कार्ड. ते आलं की त्याच्या पुढचं येणार असायचं. मधेच रॅमचे भाव भडकले. एआयवाल्या कंपन्यांनी जगातली रॅम उचलली म्हणे. बजाजनगरात खिडकीखाली बसून मी चितेगावसाठी फिक्श्चर काढणार, आणि त्यात आडवं कोण येतंय, तर सातासमुद्रापलीकडची कुठली तरी कंपनी! मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं.

"थांब थोडं," नवरा म्हणायचा. "उतरतेत भाव. आत्ता घेतलं तर लई हळहळ लागंल."

"अहो, आणि नाही उतरले तर?"

"उतरतेत म्हन्लं ना."

असं करत पहिलं फिक्श्चर मी जुन्यावरच पूर्ण केलं. लोखंडात तयार होऊन ते मशीनवर चढलं, त्या दिवशी साहेबांनी मला चितेगावला बोलावलं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. ऑपरेटरनं भाग बसवला, बोल्टला पाना लावला आणि फिरवला. पाना जरासा फिरला आणि ठक्कन शेजारच्या ठोकळ्यावर आदळला. त्यानं उलटा लावून पाहिला. पुन्हा ठक्क. बोल्ट बरोबर होता, ठोकळाही बरोबर होता, पण दोघांच्या मधे पाना फिरवायला जागाच नव्हती.

"ताई, हे कॉम्प्युटरवर दिसलं नाय का?" साहेबांनी विचारलं.

कसं दिसणार? बोल्ट बघताना ठोकळा लपवलेला, ठोकळा बघताना बोल्ट. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. ग्राइंडर मागवून त्यांनी माझ्यासमोरच ठोकळ्याचा कोपरा उडवला. ठिणग्या उडत होत्या आणि मी साडीचा पदर बोटाला गुंडाळत उभी होते. साहेब माणूस चांगला. ओरडले नाहीत. चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "पुढचं काम याच्या दुप्पट मोठंय, हायड्रॉलिकचं. तुम्हालाच द्यायचंय. पन दसऱ्याच्या आत ड्रॉइंग पायजे, अन् असा घोळ चालायचा नाय. जमत नसंल तर आत्ताच सांगा, मी पुण्याला देतो. राग मानू नका."

"जमेल," मी म्हणाले. म्हणून तर बसले. हे काम गेलं तर मी पुन्हा किरकोळ ड्रॉइंगवर, हे मला लख्ख दिसत होतं.

मी कामाला लागले, पण तेलाच्या दाबानं हात मिटवणाऱ्या हायड्रॉलिकच्या नळ्या आणि सिलिंडर जोडल्यावर जुन्या कॉम्प्युटरनं अर्धासुद्धा सांगाडा उघडायचं नाकारलं. गणपती गेले, पितृपक्ष लागला. मी जेवताना विषय काढला. नवऱ्यानं भाकरी मोडता मोडता सांगितलं, "आता कसं घेतेस? दसरा तोंडावर आलाय. दसऱ्याला सगळे ऑफर लावतेत. आता पितरांत कोन घेतंय का?"

सासूबाई ताटावरून मान वर करून बघायला लागल्या. "आपल्यात पितृपक्ष कवापासून आला रे?"

"तसं नाय गं आई. ऑफर असती दसऱ्याला."

"एकच झालं. पूर्वी भटजी सांगायचा, आता तुझा मोबाईल सांगतो. थांबायचं तेवढं आहेच." आणि माझ्याकडे वळून, "तू जा गं उद्या. ह्याला पन घेऊन जा, नायतर आल्यावर डोकं खाईल."

मला इतकं हसू आलं की ठसका लागला. नवराही हसला, पण कान लाल झाले होते त्याचे. मला तेव्हाच वाटलं, आता काहीतरी होणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पैठण गेटच्या बाजूला एका दुकानात गेलो. एरवी तिथे उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी दुकानात चिटपाखरू नाही. दुकानदार मोबाईलवर क्रिकेट बघत बसला होता. आम्हाला बघून तो एवढा खूश झाला की लगेच चहा सांगितला. पितृपक्षात आलेलं गिऱ्हाईक त्याला देवासारखं वाटत असावं. माझ्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता, त्यात माझा हायड्रॉलिकचा सगळा सांगाडा. मी माझं काम काय ते सांगत होते, तेवढ्यात कोपऱ्यात एक नवंकोरं मशीन जोडून ठेवलेलं दिसलं.

"वो बिक गया मॅडम," तो म्हणाला. "एक इंजिनियर साहब का है. तुम्हारीच लाइन का काम करते. पूरे पैसे दे दिए, लेकिन बोले घटस्थापना कू ले जाऊंगा. तब तक यहीच पडा है."

"त्यात डिझाइनचं सॉफ्टवेअर आहे?"

"हौ, उनोच डालके गए."

माझा हात पर्समधल्या पेनड्राइव्हकडे गेला. बहुतेक माझ्या तोंडावर सगळं दिसलं असणार. त्यानं त्या गिऱ्हाइकाला फोन लावला, दोन वाक्यं बोलला, आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "लगाव पेनड्राइव्ह. क्या जाता!"

मी फाईल उघडायला लावली आणि सवयीनं उठायला लागले. उठायला वेळच मिळाला नाही. पडद्यावर सगळा सांगाडा उभा होता! बैठक, ठोकळे, सिलिंडर, नळ्या, पकडणारे हात, एकूण एक बोल्ट. मी माऊस हलवला तर तो सगळा अलगद फिरला. मी त्याला उताणा केला, उभा केला, खालून पाहिला, वरून पाहिला. इतके दिवस तुकड्या-तुकड्यांनी सांभाळलेलं हे सगळं एकत्र असं दिसतं तर! किती देखणं होतं ते! स्वतःच्या कामाला देखणं म्हणू नये, पण होतंच देखणं.

आणि मग ते मला दिसलं. उजव्या सिलिंडरची नळी चक्क एका पकडणाऱ्या हाताच्या पोटातून आरपार जात होती.

"अगं बाई!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की दुकानदाराच्या हातातला चहा हिंदकळला. "अहो, हे बघा! हे बघा इथं!"

नवरा मागे वायरींचे भाव वाचत उभा होता. तो आला आणि पडद्याकडे वाकला. आतापर्यंत त्यानं माझं काम पाहिलं होतं ते सुट्या रेघांचं. मी काय करते हे त्याला माहीत होतं, पण समजत नव्हतं. आता त्यानं पडद्यावरच्या फिक्श्चरकडे पाहिलं आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. रोज कंपनीत जे करतो तेच तो तिथे हवेत करायला लागला. भाग उचलला, आत सरकवला, बटण दाबलं.

"फिरव जरा," तो म्हणाला. "हां, बस. हितून मी भाग घालनार, व्हय ना? मग ही नळी माझ्या कोपराला लागनार. मागनं घे की तिला."

"मागून घेतली तर या हातातूनही सुटते!"

"मग घे की!"

आम्ही दोघं त्या परक्या मशीनवर किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मी नळी मागून वळवली, तो पुन्हा पुन्हा हवेत भाग घालून बघायचा आणि म्हणायचा, "आता बसतो. आता लई झ्याक बसतो." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून एकच काम असं कधी केलं नव्हतं. मला मधेच भरून आलं, आणि मी ते लपवलं नाही.

शेवटी दुकानदारानं घसा साफ केला. "तो क्या करना भाईसाब? दसरे कू आते?"

नवरा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "असंच दुसरं आत्ता बांधा."

रॅमचा भाव त्यानं विचारला तो बिल करताना. तो ऐकूनही मागे हटला नाही. उलट मॉनिटर मोठा घ्या म्हणाला. त्यानंच.

खोकी रिक्षात मांडीवर घेऊन आम्ही छावणीतून वाळूजकडे, घरी निघालो. मॉनिटरच्या खोक्यामुळे मला समोरचं काही दिसत नव्हतं. आम्ही जिन्यात खोकी चढवत असताना काकू दारात आल्या आणि "आत्ता? पितरांत?" म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि खोक्यांना वाट करून द्यायला सांगितलं. सगळ्या तारा जोडून होईपर्यंत कुणाला धीर नव्हता. मुलगी पॅकिंगच्या प्लॅस्टिकचे फुगे फोडत होती, सासूबाई खुर्ची ओढून पुढ्यात बसल्या होत्या, आणि मी फाईल उघडली तेव्हा त्या नुसत्या म्हणाल्या, "एवढं सगळं तू काढलंस?"

दसऱ्याच्या आधी ड्रॉइंग चितेगावला पोहोचलं. दसऱ्याला ऑफर लागल्या की नाही, ते नवऱ्यानं पाहिलंच नाही, किंवा पाहिलं असेल तर मला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर फिक्श्चर मशीनवर चढलं आणि साहेबांचा फोन आला. या वेळी मी साध्या ड्रेसवर गेले. ऑपरेटर तोच होता. त्यानं भाग उचलून आत सरकवला. पाना लावला आणि पूर्ण फिरवला. बटण दाबल्यावर चारही हात भागावर येऊन बसले. त्यानं मशीनचं दार ओढलं, आत पाण्याची धार सुरू झाली आणि ड्रिल खाली उतरलं. भाग झाला, काढला, पुसला, ट्रेमध्ये ठेवला. दुसरा उचलला. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेब थोडा वेळ थांबले आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून बोलत ऑफिसकडे निघून गेले. मी तिथेच उभी. तिसरा भाग झाला, चौथा झाला.

मी बाहेर शेडखाली येऊन नवऱ्याला फोन लावला. त्याची जेवणाची सुट्टी होती. आनंदानं माझा आवाज फाटत होता.

"अहो, कुणी काहीच बोललं नाही!"

ऑपरेटर माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही.

"मंग बसलं म्हन की," तो म्हणाला, आणि त्यानं कॅन्टीनमधल्या लोकांना मोठ्यानं ओरडून सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं, "बायकोचं फिक्श्चर चालू झालं रे!"