नामदेवकाकांचा अबोला

नामदेवकाका घरात फक्त पंख्याशी बोलत. सकाळी अंघोळ करून आले की खुर्चीत बसायचे, मान वर करायची आणि छताच्या पंख्याला विचारायचे, "चहा भेटन का नाही आज?" आतून सिंधूकाकू गॅसच्या शेगडीला सांगायच्या, "उकयून राह्यला. दम धरा म्हणा थोडा." मग चहा यायचा. कप टेबलावर आपटला जायचा तो मात्र थेट काकांसाठी, त्यात कुणी मध्यस्थ नसायचा.

वणीत माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओची मागची भिंत आणि काकांच्या बैठकीची भिंत एकच. नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, या घरात पाहुण्यांचा फारच राबता दिसतो, सारखं कुणीतरी कुणाला काहीतरी सांगत असतं. पुढे कळलं की घरात दोघंच आहेत आणि त्यांचा अबोला आहे. मुलगी मीना लग्न होऊन नागपूरला गेलेली. बाकी पंखा आणि गॅस.

काका कोळशाच्या खाणीत शॉवेल चालवायचे. शॉवेल म्हणजे डंपरमध्ये कोळसा भरणारं अजस्र यंत्र. त्याच्या आवाजात उमर गेल्यामुळे काका कुजबुजले तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. निवृत्त झाल्यावर दुपारभर माझ्या स्टुडिओतल्या बाकावर बसायचे आणि न मागता मदत करायचे. शाळेच्या फोटोला आलेलं पोरगं रडू लागलं की काका तोंडानं शॉवेल चालू करायचे. पोरगं रडणं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राही, आणि तेवढ्यात मी बटण दाबायचो. ओळखपत्राच्या फोटोसाठी ताठ बसलेल्या माणसाला ते म्हणायचे, "खांदे ढिले सोड बावा. लोड नोको घेऊ. फोटू काढून राह्यला थो, वजन नाही करून राह्यला." माणूस हसायचा. माझी अर्धी कमाई त्यांच्या जिभेवर चालत होती म्हटलं तरी चालेल.

यंत्राच्या गोष्टी सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. एकदा म्हणाले, "डंपर आपल्या मनानं मशीनपाशी लागत नाही, प्रकाश. आपण हॉर्न द्या लागते, तवा थो येते. नाही देला हॉर्न तं दिवसभर उभा राहीन, पण येणार नाही." मी म्हटलं, "मग काका, घरात का नाही देत हॉर्न?" ते उठून चपला घालू लागले. दोन दिवस स्टुडिओत फिरकले नाहीत. एवढा थट्टेखोर माणूस, पण त्या एका विषयात त्याला गंमत चालत नसे.

अबोल्याचं कारण मला दोन्हीकडून कळलं, म्हणजे दोन वेगळी कारणं कळली. खाणीत रीत अशी की निवृत्तीच्या दिवशी जोडीनं सत्कार करतात. नवऱ्याला शाल, बायकोला साडी, दोघांच्या हातात नारळ. मग सजवलेल्या जीपमधून वाजतगाजत घरी आणतात. काकांच्या सत्काराला सिंधूकाकू गेल्याच नाहीत. स्टेजवर काकांच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली आणि साडीचं पुडकं कुणीतरी त्या खुर्चीवर ठेवून दिलं. काका म्हणायचे, "चार माणसांत नाक कापलं माहं. सारी जिंदगी त्या धुरायात काढली, अन् एक दिवस बाजूले बसाले नाही झालं तिच्यानं." सिंधूकाकू म्हणायच्या, "साऱ्या गावाले सांगतलं, मीनाले फोन केला, शेजारच्याइले सांगतलं. मले एका शब्दानं म्हतलं नाही का चाल. मी का मनाची जाऊन बसू? वरमायीवानी?" त्या सकाळी त्या नवं पातळ नेसून दारात उभ्या होत्या. काका त्यांच्यासमोरून न्यायला आलेल्या जीपमध्ये चढले. काकांना वाटलं, मागून येईल. काकूंना वाटलं, बोलावतील. त्या संध्याकाळपासून दोघं बोलेनाशी झाली.

लोक समजावून थकले. मीना येऊन रडून गेली. तशी दोघांना एकमेकांवाचून क्षणभर गती नव्हती. काकूंनी गॅसला "वांगे केले, खायाचे अशीन तं" म्हटल्याशिवाय काका ताटावर बसत नसत. काकूंना बाजारातून यायला उशीर झाला की काका माझ्या दुकानात येऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि मला सांगायचे, "उन्ह लय होऊन राह्यलं." त्यांना ओळखणाऱ्याला त्याचा अर्थ कळायचा.

खाणीतून निवृत्त झालेल्यांसाठी औषधांची एक योजना आहे. एकदा वर्गणी भरली की नवरा-बायको दोघांना हयातभर औषधं मिळतात. पण नावनोंदणीला मुदत असते. निवृत्त होताना नाव घालायचं, तेव्हा राहून गेलं तर पुन्हा मुदत निघेपर्यंत थांबायचं. आणि कार्डावर जोडीचा फोटो लागतो, दोघं शेजारी बसलेली. काकांचं निवृत्तीच्या वेळीच राहून गेलं होतं. कसं राहिलं ते सांगायला नको.

मुदत निघाली की माझ्या स्टुडिओत म्हाताऱ्यांची लग्नसराई सुरू होते. लग्नानंतर कधीच एकत्र फोटो न काढलेली जोडपी येतात. मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसतात. त्या वेळी काका बाकावर बसून प्रत्येक जोडप्याला सरकवत होते. "जवय सरका ना वं काकू, आता कायची लाज? नातू कॉलेजात गेला तुमचा." मी प्रत्येक जोडप्यानंतर काकांकडे बघायचो. ते माझी नजर टाळून म्हणायचे, "मुदत हाय अजून. अन् ह्या मुदती वाढतच असते."

त्यांनी घाई करायला हवी होती, कारण काकूंचं हृदय कमजोर झालं होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरनं रोजच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, एकही दिवस चुकवायचा नाही अशी तंबी देऊन. खाणीची पेन्शन बेताची. काका पंख्याला विचारायचे, "गोया सरल्या का?" काकू गॅसला सांगायच्या, "हायेत अजून." भिंतीपलीकडून मी हे रोज ऐकायचो. ही माणसं एकमेकांची काळजी घेतात याचं मला कौतुक वाटायचं. माणूस गॅसशी किती सहज खोटं बोलू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी काका दाढी करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून स्टुडिओत आले. बाकाच्या एका टोकाला बसले. मी विचारलं, "काकू?"

"तिले माईत हाय."

दुकानात तीन-चार जोडपी खोळंबली होती. मी बाहेर येऊन शेजारच्या दारात डोकावलो. सिंधूकाकू आत उभ्या होत्या. जांभळं पातळ, केसांना तेल, कपाळावर नवी टिकली. माझा जीव हरखला. मी म्हटलं, "काकू, चला ना लवकर, काका वाट पाहतायत."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "त्याहीनं पाठोलं का तुले?"

मी बेधडक हो म्हटलं. असं खोटं बोलायला मला काहीच वाटलं नाही, आजही वाटत नाही. काकू पदर सावरत माझ्यामागून आल्या. स्टुडिओच्या उंबऱ्यावर थांबल्या आणि त्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा काकांकडे थेट बघून बोलल्या.

"बलावलं होतं का तुम्ही मले?"

एवढा एक शब्द हवा होता. हाव म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती तरी त्या येऊन बसल्या असत्या. मी काकांच्या मागे उभा होतो, त्यांची मान तांबडी झालेली मला दिसली. समोर खाणीतलेच लोक, सत्काराला हजर असलेले. काकांनी वर पाहिलं. माझ्या स्टुडिओतही पंखा आहे.

"आपण काही कोणाले बलावलं नाही," ते म्हणाले.

काकू जशा आल्या तशा परत गेल्या. काका म्हणाले, "वाढते रे मुदत. मांगं नाही वाढली का?" आणि उठले. त्या वेळी मात्र मुदत वाढली नाही. यात ऑफिसचा दोष नव्हता, त्यांनी तारीख आधीच लावली होती. मला त्या दिवशी काकांचा इतका राग आला होता की संध्याकाळी ते नेहमीसारखे दुकानात आले तेव्हा मी शटर ओढून घेतलं.

पुढच्या हिवाळ्यात काकूंचे पाय सुजले, दम लागू लागला. चंद्रपूरला भरती केलं. मी गाडी घेऊन बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या रोज घेत होत्या ना?" काका ठामपणे म्हणाले, "रोज. मी रोज इचारत होतो." पलंगावरून काकूंचा बारीक आवाज आला, "एक दिवसाआड घेत होती. पुरवा लागते ना."

काका त्यांच्याकडे वळले. तोंडासमोर तोंड करून म्हणाले, "काहून नाही सांगतलं मले?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही मले कवा इचारलं? पंख्याले इचारत होते."

मी तिथून बाहेर निघालो. थोड्या वेळानं आत डोकावलो तर दोघं बोलत होती. नंतर बोलतच राहिली. नर्स रागवायची, पेशंटला विश्रांती द्या म्हणायची. काका मान हलवायचे आणि ती वळली की पुन्हा सुरू. काय बोलायचे? मीनाच्या जन्माच्या वेळचा पूर, केळापूरच्या जत्रेत हरवलेली चप्पल, शेजारणीनं नेऊन परत न केलेली परात. एकदा काकू हसल्या तेव्हा मी त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकलं. इतका गोड बोलणारा माणूस इतकी वर्षं गप्प कसा बसला असेल, असं मला वाटत होतं, आणि ते दोघांबद्दलही वाटत होतं. तो आठवडा सरता सरता काकू गेल्या.

तेराव्यानंतर काका दुकानात आले. बाकावर बसले. मी चहा मागवला. ते म्हणाले, "लोक म्हणते बिमारीनं गेली. बिमारीनं नाही गेली रे, प्रकाश. माह्या तोंडानं गेली. उघडलं अस्तं तं जगली अस्ती." मी त्यांना खोडून काढायला हवं होतं, चार समजुतीचे शब्द बोलायला हवे होते. पण मला ते खरंच वाटत होतं, आणि ते त्यांनाही दिसलं असावं. आम्ही चहा प्यायलो. त्या घरातून भिंतीपलीकडे पुढे कसलाच आवाज आला नाही.

पुन्हा मुदत निघाली तेव्हा मीनानं नागपूरहून येऊन त्यांचं एकट्याचं नाव घातलं. एकट्याचा फोटो मीच काढला. "खांदे ढिले सोडा, काका," एवढं बोललो आणि बटण दाबलं. मग मीना त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना त्यांनी मला दुकानात येऊन सांगितलं, "फोटूले जोडपं आलं अन् रुसून बसलं अशीन, तं शटर लाव. पहिले बोलते कर, मंग फोटू काढ." तेव्हापासून मी तसंच करतो. काही जोडपी मला आगाऊ म्हणतात.

यंदा एका लग्नाच्या फोटोच्या कामानं नागपूरला गेलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. बरेच वाळले होते. त्यांनाही आता रक्तदाबाची गोळी सुरू होती, योजनेतूनच मिळालेली. मीनानं पाणी आणि गोळी आणून दिली. त्यांनी गोळी गिळली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून, खाणीतल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "सिंधू, घेतली वं म्या गोयी."

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्या तोंडून काकूंचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मीना हळूच म्हणाली, "रोज सांगतात. दिवसातून कितीदा तरी बोलतात तिच्याशी."

काकांनी ते ऐकलं. मला म्हणाले, "आयकत अशीन का रे थे?"

"ऐकत असतील, काका. नक्की ऐकत असतील."

"मंग बोलत काहून नाही?"

त्यांनी उरलेलं पाणी पिऊन पेला खाली ठेवला, तोंड पुसलं आणि स्वतःशीच मान हलवली.

"बराबर हाय तिचं," ते म्हणाले. "आता अबोला तिचा हाय."