किल्ल्यातलं दगडी कमळ

आमच्या घरात अर्ज सोडला तर आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला. त्यामुळे मी असं लिहायला बसणं जरा आगाऊपणाचंच आहे. वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण ते छत पाहिल्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, मला कोगनोळीहून बेळगावला घेऊन आले ते खासबागेतल्या एका साडीच्या दुकानात कामाला लावायला. माझं बी.ए. झालं होतं. पुढं इतिहासात एम.ए. करायचं मनात होतं, पण आप्पांपुढं ते नीट बोलता आलं नव्हतं. दुकान उघडायला वेळ होता. मी भीतभीत म्हणालो, "आप्पा, तंवर किल्ला बघून येऊ?"

"किल्ल्यात काय ठेवलंय? खंदक बघितलाय की बसमधनं." तरी आले.

कमल बस्ती हे किल्ल्यातलं काळ्या दगडाचं जुनं जैन मंदिर. बाहेर ऊन, आत गारवा. खांब इतके गुळगुळीत की त्यांत आमच्या हलत्या सावल्या दिसत होत्या. मंडपाच्या मधोमध येऊन मी वर पाहिलं. छतातून दगडाचं कमळ खाली लोंबत होतं, पाकळीच्या आत पाकळी. फोटो मी पाहिला होता, पण फोटोतलं कमळ आपल्या डोक्यावर नसतं. वळून बघतो तर आप्पा फरशीवर उताणे, टोपी छातीवर.

"ओ अण्णा, झोपायचं न्हाय हितं!" राखणदार ओरडला.

"झोपतोय कुठं? मान दुखाय लागली. पडत कसं न्हाय हे?"

"आठशे वर्षं पडलं न्हाय. आज तुमच्यावर पडतंय व्हय?" राखणदार हसला.

आप्पा उठले नाहीत. मला म्हणाले, "कुणी केलं रं?"

"रट्ट राजांच्या वेळचं हाय. कारागीर कोण, ते मला ठावं न्हाय."

"मग कुणाला ठावं?"

"शोधाय पायजे, आप्पा. मला तेच शिकायचंय."

बोलून गेलो आणि घाबरलो. आप्पा वर बघत राहिले.

दुकानदारानं सोमवारपासून यायला सांगितलं. आप्पा "कळवतो" एवढंच म्हणाले. परतीच्या बसमध्ये विचारायचा धीर मला झाला नाही. रविवारी आईनं माझे शर्ट इस्त्री करून ठेवले आणि मी केस कापायला निपाणीला गेलो. खुर्चीत बसलो होतो तेवढ्यात आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

"कुठं हाईस रं? आप्पांनी आत्ता दुकानात फोन केलता. पोरगं येत न्हाय, अजून शिकणार हाय, म्हणून सांगितलं."